वॉटर जॅकेटची सीएफडी: आधी कोअर बघा, मग मेश करा

प्रश्न थोडक्यात असा. प्रश्न विचारणारे इंजिनिअर मित्र कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत डिझाइन बघतात. डिझेल इंजिनचं सिलिंडर हेड ओततात. गिऱ्हाईक आता नुसत्या कास्टिंगवर समाधानी नाही. वॉटर जॅकेटमधून, म्हणजे हेडच्या आतल्या पाण्याच्या पोकळीतून, कूलंट कसा फिरतो आणि प्रेशर ड्रॉप (दाबातली घट) किती पडतो, याचा सीएफडी (प्रवाहाचं कॉम्प्युटरवरचं गणित) रिपोर्ट त्यांना हवाय. यांनी ओपनफोम हे सीएफडीचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. मेश, म्हणजे गणितासाठी पोकळीचे पाडलेले बारीक तुकडे (सेल), धड होईना. झाली तर रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) खाली येईनात. आणि दोन वेगळ्या मेशवर प्रेशर ड्रॉपमध्ये ३० टक्क्यांचा फरक. तर टेट्रा (चार बाजूंचे सेल) घ्यावं, हेक्सा (सहा बाजूंचे) घ्यावं, की इमर्स्ड बाउंडरी, लॅटिस बोल्ट्झमन असलं काहीतरी नवं धरावं?

पद्धतीवर येतोच. पण त्याआधी कॉम्प्युटर बंद करा आणि कोअर शॉपमध्ये जा. जॅकेटचा कोअर, म्हणजे पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवतात तो वाळूचा गाभा, टेबलावर मांडा आणि चारही बाजूंनी फिरवून बघा. पाणी ज्या पोकळीतून वाहणार तिचा आकार म्हणजेच हा कोअर. सीएफडीवाले ज्याला ‘फ्लुइड डोमेन’ म्हणतात, तो तुमचे कोअरमेकर रोज दोन्ही हातांवर धरून नेतात. बाहेरचे लोक हेडचं कॅड मॉडेल घेऊन त्यातून पोकळी वजा करत बसतात, तीनशे फिलेट (गोलावलेले कोपरे) अडकतात, पृष्ठभाग फाटतो, चार दिवस जातात. तुमच्या पॅटर्न शॉपकडे कोअर बॉक्सचं थ्रीडी मॉडेल पडून असतं, तिथूनच सुरुवात करा.

ते जसंच्या तसं घेऊ नका मात्र. कोअर बॉक्समध्ये बीडाच्या संकोचासाठी साधारण १ टक्का वाढवलेलं असतं, ते परत कमी करायचं. किरकोळ वाटतं, पण व्यास १ टक्का चुकला की वाटेचं क्षेत्रफळ २ टक्के आणि त्याच प्रवाहाला दाबातली घट ४ टक्के चुकते. दुसरं, कोअर प्रिंट, म्हणजे कोअर साच्यात टेकवायचे खुंट, कापून टाका. प्रिंटच्या जागी कास्टिंगला जी भोकं राहतात ती पुढे प्लग मारून बंद होतात. एका पोराने ती आउटलेट म्हणून उघडी ठेवली होती. पाणी आनंदाने बाहेर पडत होतं आणि प्रेशर ड्रॉप बघून सगळे खूश. तिसरं, व्हॉल्व्हच्या मधल्या पुलाखाली जी ड्रिल मारलेली भोकं असतात ती कोअरमध्ये नसतात. ती मशीनिंग ड्रॉइंगमधून घेऊन जोडावी लागतात, आणि हेडमधली सगळ्यात गरम जागा तीच.

आता तुमच्या ३० टक्क्यांबद्दल. फाइल बघितल्याशिवाय पैज लावायची झाली तर मी गॅस्केटच्या भोकांवर लावीन. ब्लॉकमधून हेडमध्ये पाणी चढतं ते गॅस्केटमधल्या ४-५ मिलिमीटरच्या भोकांतून. कुठल्या सिलिंडरला किती पाणी, हे हीच भोकं ठरवतात. एसटीएल फाइल (पृष्ठभाग त्रिकोणांत मोडून साठवणारी) काढताना कॉर्डल टॉलरन्स, म्हणजे सरळ रेघ खऱ्या वक्रापासून किती सुटू द्यायची ती मर्यादा, ढिला ठेवला तर गोल भोकाचा अष्टकोन होतो. वर्तुळात बसवलेल्या अष्टकोनाचं क्षेत्रफळ वर्तुळापेक्षा १० टक्के कमी. तेवढंच पाणी ढकलायला लागणारा दाब क्षेत्रफळाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात जातो, म्हणजे घट २३ टक्क्यांनी वाढली. भोकाला २४ बाजू दिल्या तर हीच चूक सव्वादोन टक्क्यांवर येते. समीकरणं, टर्ब्युलन्स मॉडेल वगैरे अजून सुरूच झालेलं नाही आणि २३ टक्के गेले! वर १ मिलिमीटरच्या सेलनी मेश केली तर ४ मिलिमीटरच्या भोकात चारच सेल बसतात. त्या भोकांभोवती वेगळी रिफाइनमेंट द्या, आडवे निदान दहा सेल तरी आले पाहिजेत. जॅकेटच्या मोठ्या पोकळीत सेल मोठे राहिले तरी फारसं बिघडत नाही.

बरं, पद्धत कुठली?

फायनाइट व्हॉल्यूम. तुमच्या कामाला हेच. का, ते उसाच्या रानावरून सांगतो. रात्री दारं धरायला गेलेल्या माणसाला ठाऊक असतं की एका वाफ्यातून जेवढं पाणी निघालं तेवढंच पुढच्यात शिरलं. पाटात मुरलं-पाझरलं ते सोडा, पण मधल्यामधे गायब होत नाही. फायनाइट व्हॉल्यूममध्ये पोकळीचे लाखो वाफे पाडतात आणि प्रत्येक वाफ्याचा जमाखर्च मांडतात. दोन सेलच्या मधल्या बांधावरून जे एकाकडून गेलं तेच दुसऱ्याकडे जमा. त्यामुळे मेश कितीही वेडीवाकडी असली तरी वस्तुमानाचा हिशोब जुळतो. सेलला चार बाजू असोत, सहा असोत की चौदा, जमाखर्चाची रीत बदलत नाही. गुंतागुंतीच्या आकारांवर ही पद्धत टिकली ती यामुळे.

अडचण दाबाची असते. वेगाला स्वतःचं समीकरण आहे, पण न दाबल्या जाणाऱ्या द्रवात दाबाला स्वतःचं समीकरणच नाही. दाब एवढाच असावा लागतो की प्रत्येक वाफ्याचा हिशोब जुळेल. मग करायचं काय? दाबाचा अंदाज घ्या, त्यावरून वेग काढा, कुठल्या सेलमध्ये पाणी जास्त साठतंय ते बघा, तिथला दाब सुधारा, परत वेग काढा. ‘सिंपल’ नावाची ही रीत १९७२ साली मांडली सुहास पाटणकर आणि ब्रायन स्पाल्डिंग यांनी. पाटणकर आपलेच, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी, आयआयटी मुंबईतून एमटेक आणि मग लंडनच्या इंपीरियल कॉलेजात पीएचडी. तुम्ही ओपनफोममध्ये ‘सिंपलफोम’ असं टाइप करता ते नाव तिथून आलंय. आमच्याकडे कामाला येणाऱ्या निम्म्या पोरांना हे माहीत नसतं, म्हणून मुद्दाम सांगतो.

दाब आणि वेग एकाच बिंदूवर साठवले तर आणखी एक गंमत होते. दाब एका सेलमध्ये १००, शेजारी शून्य, परत १००, परत शून्य, असा बुद्धिबळाच्या पटासारखा आला तरी समीकरणाला त्याचा पत्ता लागत नाही, कारण ते एक सेल सोडून पुढचा आकडा वाचतं. हार्लो आणि वेल्च यांनी १९६५ साली वेग सेलच्या कडेवर ठेवून हे टाळलं. पण ते चौकोनी जाळीवर सोपं, कोअरसारख्या आकारावर फार जिकिरीचं. १९८३ साली ऱ्ही आणि चाऊ यांनी कडेवरचा वेग काढताना दाबाचा जास्तीचा अंश मिसळायची युक्ती दिली, तेव्हा कुठे सगळं एकाच बिंदूवर ठेवून कशाही आकाराच्या सेलवर काम करणं शक्य झालं. आजची बहुतेक व्यापारी पॅकेजेस याच वाटेवर आहेत.

टेट्रा की हेक्सा: टेट्रा आपोआप होते, म्हणून नवख्याला आवडते. पण एका घनाकृती सेलच्या जागी पाच-सहा टेट्रा लागतात आणि भिंतीजवळ त्या फारच वाईट वागतात. ओपनफोममधल्या स्नॅपीहेक्समेशसारखी हेक्साप्रधान मेश किंवा पॉलिहेड्रल (अनेक बाजूंच्या सेलची), दोन्ही चालतील. स्नॅपीचं काम तीन टप्प्यांत होतं: आधी चौकोनी ठोकळ्यांत कापणं, मग ठोकळ्यांच्या कडा पृष्ठभागावर ओढून बसवणं, शेवटी भिंतीलगत पातळ थर घालणं. तिन्ही एकदम चालवू नका. पहिला टप्पा झाला की उघडून बघा. ‘मेशच्या आतला बिंदू’ द्यावा लागतो तो पाण्यात आहे ना, आणि नेमका सेलच्या कडेवर तर नाही ना, हे तपासा. नाहीतर जॅकेट सोडून बाहेरच्या हवेची मेश होते. एसटीएल मिलिमीटरमध्ये असते आणि ओपनफोम मीटर धरतं, म्हणजे न सांगता तुमचं हेड हजारपट मोठं होतं. हसू नका, हे मी स्वतः केलंय.

मग मेश तपासणारं ओपनफोमचं चेकमेश चालवा. दोन आकडे बघा. नॉन-ऑर्थोगोनॅलिटी, म्हणजे दोन सेलचे मध्य जोडणारी रेघ मधल्या बांधाला काटकोनात असण्याऐवजी किती तिरकी आहे. ७० अंशांच्या वर ते तक्रार करतं. आणि स्क्यूनेस, म्हणजे ती रेघ बांधाच्या मध्यापासून किती सरकून जाते, त्याची मर्यादा ४. चाळीस लाखांत वीस-पंचवीस सेल खराब निघाले तर घाबरायचं कारण नाही, पण ते कुठे आहेत ते उघडून बघा. मोठ्या पोकळीच्या कोपऱ्यात असतील तर सोडून द्या. गॅस्केटच्या भोकात किंवा व्हॉल्व्ह ब्रिजखाली असतील तर तुमचे रेसिड्युअल त्यांच्यामुळेच अडकलेत.

भिंतीबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण यात लोक सगळ्यात जास्त वेळ आणि मशीन वाया घालवतात.

समजा ८ मिलिमीटरची वाट आहे आणि कूलंटचा वेग सेकंदाला दीड मीटर. पन्नास-पन्नास ग्लायकॉल आणि पाणी ९० अंशांला, कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी साधारण ०.९ चौरस मिलिमीटर प्रति सेकंद. रेनॉल्ड्स अंक (वेग गुणिले वाटेची रुंदी भागिले ही व्हिस्कॉसिटी) येतो १३ हजारांच्या आसपास, म्हणजे प्रवाह टर्ब्युलंट, भोवऱ्यांचा. त्यातला प्रत्येक भोवरा मोजायचा म्हटलं तर कोल्मोगोरोव्हच्या १९४१च्या हिशोबाने सेलची संख्या रेनॉल्ड्स अंकाच्या सव्वादोनाव्या घातासारखी वाढते. इथे ती दीडशे-दोनशे कोटींत जाते. ते आपल्या गावचं काम नाही. म्हणून सरासरी प्रवाह सोडवायचा आणि भोवऱ्यांचा परिणाम मॉडेलवर सोपवायचा. मेंटरचं १९९४चं के-ओमेगा एसएसटी हे मॉडेल घ्या. वाकणांवर प्रवाह भिंत सोडतो ते ओळखण्यात ते के-एप्सिलॉनपेक्षा बरं, आणि जॅकेट म्हणजे नुसती वाकणंच.

आता पहिला सेल भिंतीपासून किती लांब? वाय-प्लस नावाच्या, भिंतीलगतच्या प्रवाहावरून ठरणाऱ्या अंतराच्या मोजमापात एक तर १ च्या जवळ जा, नाहीतर ३० च्या पुढे. ५ ते ३० मध्ये अडकू नका, असा पाठ असतो. वरच्या आकड्यांत वाय-प्लस १ म्हणजे भिंतीपासून ०.०१ मिलिमीटर आणि ३० म्हणजे ०.३ मिलिमीटर. पुस्तकातला हुशार विद्यार्थी लगेच १ धरतो, दहा-पंधरा पातळ थर घालतो, सेल कोटीवर नेतो.

आता परत कोअर शॉपमध्ये चला. त्या कोअरवरून बोट फिरवा. वाळूचे कण बोटाला लागतात ना? वॉश (कोअरवरचा लेप) लावलेला असला तरी कास्टिंगची आतली भिंत त्या वाळूचाच ठसा आहे, आणि आत ग्राइंडर पोहोचत नाही. बीडाच्या पाइपसाठी जुन्या तक्त्यांत खडबडीतपणा पाव मिलिमीटर धरतात. म्हणजे तुमचा पहिला सेल भिंतीवरच्या उंचवट्याच्या पंचविसाव्या हिश्शाएवढा! तो ज्या गुळगुळीत भिंतीलगतच्या शांत थराचा हिशोब करतोय, तो थर त्या वाळूच्या ठशात बुडून गेलेला आहे. त्याच ८ मिलिमीटरच्या वाटेला पाव मिलिमीटर खडबडीतपणा धरून घर्षणाचा गुणांक काढा: गुळगुळीत भिंतीला ०.०३, खडबडीत भिंतीला ०.०६. दुप्पट. हे मी कागदावर, हॅलंडच्या सूत्रानं, पाच मिनिटांत काढलंय. म्हणून वाय-प्लस ३० च्या पुढेच राहा, रफ वॉल फंक्शन (खडबडीत भिंतीलगतच्या प्रवाहाचं तयार सूत्र) वापरा आणि खडबडीतपणाचा आकडा विचारपूर्वक टाका. यातला ‘समतुल्य वाळूचा कण’ हा शब्दप्रयोग निकुराद्झेच्या १९३३च्या प्रयोगातून आलाय. त्यानं पाइपांच्या आत चाळून घेतलेली वाळू चिकटवून दाबातली घट मोजली होती. फौंड्रीवाल्याला यापेक्षा ओळखीचा प्रयोग कुठला सापडणार?

(उष्णता काढायची असेल, म्हणजे भिंतीचं तापमान हवं असेल, तर हिशोब बदलतो. पण तुम्हाला विचारलाय प्रेशर ड्रॉप आणि पाण्याची वाटणी. जे विचारलंय तेवढंच आधी नीट द्या.)

दुसरी मोठी चूक स्कीमची, म्हणजे दोन सेलच्या मधल्या बांधावरचं मूल्य काढायच्या रीतीची. रेसिड्युअल खाली येईनात म्हणून कोणीतरी सांगतं, ‘फर्स्ट ऑर्डर अपविंड’ लावा. लावलं की रेघ सुळ्ळकन खाली येते आणि माणूस खूश होतो. अपविंडमध्ये सेलमध्ये येणारं मूल्य वरच्या अंगाच्या सेलचं जसंच्या तसं घेतात, त्यामुळे प्रत्येक गोष्ट थोडी थोडी फासली जाते. गणिताने बघितलं तर वेग गुणिले सेलची लांबी भागिले दोन एवढी खोटी व्हिस्कॉसिटी त्यात येऊन बसते. दीड मीटर वेग आणि ०.६ मिलिमीटरचा सेल धरा: कूलंटच्या खऱ्या व्हिस्कॉसिटीच्या ५०० पट. तुम्ही कूलंट फिरवताय असं समजताय आणि आत एरंडेल फिरतंय. ३० अंशांच्या एरंडेलाची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी खरोखर तेवढीच निघते. प्रवाह सेलच्या रेषेत सरळ चालला असेल तर याचा त्रास कमी होतो. जॅकेटमध्ये तो कुठे सरळ चालतो? सुरुवातीच्या शे-दोनशे फेऱ्या अपविंडवर काढा, मग सेकंड ऑर्डरवर, म्हणजे जास्त अचूक स्कीमवर, या. रिपोर्टमध्ये अपविंडचा आकडा कधीच देऊ नका.

सेकंड ऑर्डरवर आलात की रेसिड्युअल एका पातळीवर हेलकावे खात राहतील. बहुतेक वेळा ती चूक नसते. वाकणामागे भोवरा सुटतो, डुलतो, तो मुळात स्थिर नाहीच, मग स्थिर उत्तर कसं येईल? अशा वेळी रेसिड्युअलकडे बघत बसू नका. इनलेट-आउटलेटमधला दाबाचा फरक आणि प्रत्येक गॅस्केट भोकातला प्रवाह यांचा आलेख लावा. तो एका आकड्याभोवती हलतोय का बघा आणि शेवटच्या पाचशे-हजार फेऱ्यांची सरासरी घ्या. आणि हो, सिंपलफोम जो दाब देतं तो घनतेने भागलेला असतो. आलेखात ४५ दिसलं तर ते ४५ पास्कल नव्हेत. सुमारे १०३० ने गुणा, मग ४६ किलोपास्कल होतील.

आता ‘दोन मेश, दोन उत्तरं’ याचा बंदोबस्त. दोनवर थांबू नका, तीन करा. सेलची लांबी दर वेळी निम्मी. निम्मी केली की सेल आठपट होतात, म्हणून सगळ्यात बारीक मेश तुमच्या मशीनवर मावेल अशी आधी ठरवा आणि तिथून मागे या. दीड लिटरच्या जॅकेटला १ मिलिमीटरचे सेल म्हणजे १५ लाख आणि अर्ध्या मिलिमीटरचे म्हणजे १ कोटी २० लाख. ओपनफोमला दर १० लाख सेलमागे १-२ जीबी मेमरी धरून चाला. म्हणजे ३२ जीबीच्या मशीनवर हे जेमतेम बसतं, फार तर एक रात्र जास्त चालेल. आता समजा तीन मेशवर ४१, ४५ आणि ४६ किलोपास्कल आले. फरक ४ आणि मग १, म्हणजे चारपट कमी. लांबी निम्मी केल्यावर चूक चौथाई झाली, म्हणजे तुमची रीत खरोखर सेकंड ऑर्डरने वागतेय. मग शेवटच्या फरकाचा तिसरा हिस्सा पुढे टाका: ४६.३. रिचर्डसनची ही युक्ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे, अजून हिच्याइतकी स्वस्त दुसरी नाही. पण ४१, ४५, ५० असं आलं तर उत्तर अजून स्थिरावलेलं नाही, शेवटचा आकडा देण्याच्या लायकीचा नाही. परत भोकांकडे जा.

हाच रिचर्डसन, ज्याने हवामानाचा अंदाज हाताने गणित करून काढायचा घाट घातला होता. १९२२ साली त्याने छापलेल्या उत्तरात सहा तासांत हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कलने बदलतो असं आलं, आणि प्रत्यक्षात दाब जवळपास होता तिथेच होता. चुकलेला आकडा त्याने लपवला नाही, तसाच छापला. म्हणून मला हा माणूस फार आवडतो.

आता नव्या पद्धतींकडे. इमर्स्ड बाउंडरी नवी नाही. १९७२ साली चार्ल्स पेस्किनने हृदयाच्या झडपांभोवतीच्या रक्तप्रवाहासाठी ती काढली. जाळी चौकोनीच ठेवायची आणि भिंत तिच्यात बल म्हणून घुसवायची. भिंत हलत असेल, झडप उघडमीट करत असेल, तर हिला तोड नाही. दर क्षणाला नवी मेश कोण करणार? तुमची भिंत बीडाची आहे, हलत नाही. कट-सेलमध्ये चौकोनी सेल भिंतीने खरोखर कापतात. कापून उरलेले सुपारीएवढे तुकडे मात्र त्रास देतात, त्यांना शेजारच्या सेलमध्ये जोडून घ्यावं लागतं. लॅटिस बोल्ट्झमन म्हणजे जाळीवर सरकणाऱ्या कणांच्या हिशोबातून प्रवाह काढणं, तिची सुरुवात १९८८ पासून धरतात. त्यात दाबाचं वेगळं समीकरण सोडवावं लागत नाही, ग्राफिक्स कार्डावर भन्नाट पळते आणि फाटकी एसटीएलसुद्धा चालवून घेते. पण भिंत पायऱ्यापायऱ्यांची होते, आणि लहान भोकांसाठी जाळी बारीक केली की वेळेची पायरीही तेवढीच बारीक होते. सच्छिद्र वस्तूंसाठी, वाळूच्या कणांमधून जाणाऱ्या वायूसाठी मी ती आनंदाने वापरीन. तुमच्या रिपोर्टसाठी नाही.

तुमच्या मेथडिंगवाल्यांकडे (धातू कसा ओतायचा ते ठरवणाऱ्यांकडे) मोल्ड भरण्याचं सिम्युलेशन असेलच, त्यात हीच भांडणं वेगळ्या रूपात दिसतील. मॅग्मासॉफ्ट चौकोनी जाळीवर चालतं, प्रोकास्ट फायनाइट एलिमेंटवर. वितळलेल्या धातूचा पृष्ठभाग कुठपर्यंत आला हे धरण्यासाठी हर्ट आणि निकोल्स यांनी १९८१ साली मांडलेली व्हॉल्यूम ऑफ फ्लुइड ही रीत लागते. तुमच्या जॅकेटमध्ये पाणी गच्च भरलेलं असतं म्हणून तिचं काम नाही. मागे एकाने विचारलं होतं की पंचगंगेच्या पुराला हेच लावता येईल का. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका. पाणी तिथवर आलं की ते मैलभर पसरतं आणि खोली त्या मानाने काहीच नसते. तिथे खोलीची सरासरी घेऊन दोन मितींत काम भागतं. तिसरी मिती पुलाच्या खांबाशी किंवा बंधाऱ्याच्या बरग्यांशी, तेवढ्यापुरती.

राहता राहिलं मोजमाप. दहा-बारा वर्षांपूर्वी एका कारखान्यासाठी मी असंच एक हेड केलं होतं. माझा आकडा आणि टेस्ट रिगवरचा आकडा जुळेना. मोजलेला प्रेशर ड्रॉप दीडपट. तीन आठवडे मी मेश बदलत होतो, टर्ब्युलन्स मॉडेल बदलत होतो. कोअर शॉपचे मिस्त्री एकदा मागे उभे राहून स्क्रीन बघत म्हणाले, “सायेब, ह्यो कोअर दोन तुकड्यांचा हाय न्हवं? सांधा कुठं दिसंना ह्येच्यात.” त्यांना काय म्हणायचंय ते मला कळलं नाही. त्यांनी एक रिजेक्ट हेड बँडसॉवर कापून आणलं. दोन कोअर जिथे चिकटवले होते त्या फटीत धातू शिरून पातळ फिन तयार झाली होती, अगदी वाटेच्या तोंडाशी, निम्मी वाट अडवून. माझं गणित कॅडमधल्या हेडचं होतं. रिगवर बसलं होतं ते ओतलेलं हेड.

तेव्हापासून मी दोन कामं आधी करतो. ज्या कोअरवर ओतायचं तोच जुळवून झाल्यावर थ्रीडी स्कॅनरखाली घालतो आणि स्कॅनवरूनच मेश करतो. आणि एक कास्टिंग कापतो, चार ठिकाणी, गॅस्केटच्या तोंडाशी नक्की. ओतताना कोअर थोडा सरकतो, थोडा उचलला जातो, ते स्कॅनमध्ये दिसत नाही. कापल्यावर भिंतीची जाडी मोजून कळतं.

रिग महाग नसते. उद्यमनगरात सगळं मिळतं: एक सेंट्रिफ्युगल पंप, फ्लोमीटर, दोन टॅपिंग (दाब मोजायची भोकं), त्यांच्यामध्ये डिफरन्शियल गेज आणि गॅस्केटसकट आवळलेलं हेड. गरम ग्लायकॉल फिरवायची गरज नाही. २५ अंशांच्या साध्या पाण्याची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटीही ०.९ च्या जवळच आहे, म्हणजे ९० अंशांच्या पन्नास-पन्नास कूलंटसारखीच. हा योगायोग आपल्या पथ्यावर पडतो. नळाच्या पाण्यावर त्याच प्रवाहाला रेनॉल्ड्स अंक जवळपास तोच येतो आणि दाबाचा आकडा फक्त घनतेच्या गुणोत्तराने बदलावा लागतो. पाच वेगवेगळ्या प्रवाहांना वाचन घ्या. प्रवाह दुप्पट केल्यावर घट चौपटीच्या थोडी खाली आली पाहिजे. पाचपट आली तर टॅपिंगमध्ये हवा अडकलीय किंवा गॅस्केट गळतंय.

रिपोर्टमध्ये पहिल्या पानावर हे लिहा: पोकळी कोअर स्कॅनवरून घेतली, तारीख आणि कोअर बॉक्स क्रमांक, तीन मेशचे तीन आकडे, खडबडीतपणा किती धरला, रिगवरचे पाच बिंदू आणि त्यांच्यावर सिम्युलेशनची रेघ, प्रत्येक सिलिंडरला जाणारं पाणी टक्क्यांत. लाल-निळी चित्रं शेवटी जोडा. खडबडीतपणाचा आकडा काय धरायचा यावर अडलात तर रिगच्या वाचनावरूनच तो बसवा, पण दोन बिंदूंवर बसवा आणि उरलेल्या तीनवर तपासा.